मोडीतली भांडी

"ह्याच्यावर नाव दुसरीचं हाय, तवा निम्म्यानं द्या," राही म्हणाली.

"अगं पोरी, नाव काय भाजी खातं व्हय?" केरबा तांबट हसला. "सुलाबाईचं पातेलं हे. परवा स्टीलचं नेलं तिनं आन् हे माझ्या अंगावर टाकलं. असलं जाड पितळ आता बघाय मिळंल का?"

"जाड हाय, पर पोचलंय लय." राहीनं बुडावर टिचकी मारून कान लावला. चीर असली की आवाज बद्द येतो. आला नाही. चेहऱ्यावर मात्र तिनं काही दिसू दिलं नाही. "आन् कल्हई तुमीच करून द्यायची."

केरबानं हात जोडले. "ने बाई. तुझ्याशी घासाघीस करण्यापरास भांडी घासलेली बरी."

उंब्रजच्या बाजारात मोडीच्या ढिगापाशी हे असं नेहमीच चालायचं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला होता आणि घरोघरी बायकांना स्टीलचं वेड लागलं होतं. राहीचं सगळं उलटं. लोक टाकायचे ते ही बया हुडकून आणायची.

पैसे कुठले म्हणाल, तर भाजीचे. सासू हरणाबाई बाजाराला पैसे द्यायची आणि राही बांधावरनं फुकटची भाजी खुडून आणायची. श्रावणात कोवळ्या कुर्डूला ठेचलेला लसूण, भाद्रपदात चिघळीत मूठभर तुरीची डाळ, थंडीत हरभऱ्याच्या पाल्यात शेंगदाण्याचं कूट. घरातली पंधरा माणसं बोटं चाटत उठायची. विकतची भाजी घरात आलीच नाही, हे कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ! उरलेल्या पैशांचं भांडं व्हायचं आणि ते शेजारच्या तानुबाईच्या माळ्यावर जाऊन बसायचं.

राहीचा नवरा सयाजी पलटणीत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. वर्षातला महिनाभर तो घरी यायचा आणि जाताना दर वेळी म्हणायचा, "फुडल्या साली क्वार्टर मिळंल. मग तुला नेतो." क्वार्टर कसं असतं ते राहीनं पाहिलं नव्हतं. तिला फक्त आपली चूल दिसायची, दोन माणसांपुरतं पातेलं दिसायचं, आणि मिठाचा डबा आपल्या हाताशी दिसायचा. कारण या घरात रांधायची सून, पण मिठाचं मडकं सासूच्या खाटेखाली. दोन्ही वेळेला राहीनं वाटी पुढं करायची आणि हरणाबाईनं मीठ मोजून टाकायचं. अकरा वर्षं! जीव नुसता कोंडून जायचा तिचा.

आश्विनात पत्र आलं. नणंद अंजनानं ते मोठ्यानं वाचलं. देवळालीला क्वार्टर मिळालं, दिवाळीला येतो, मंडळींना घेऊन जातो. हरणाबाई नुसतं "बघू की" म्हणाली. राहीला आभाळ ठेंगणं झालं.

आणि इथंच बाई चुकली. सगळी भांडी पोत्यात भरून तिनं केरबाकडे नेली, नाव घालायला. घरातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव होतं. ते वारून दहा वर्षं झाली तरी नवं भांडं आलं की त्यावर त्यांचंच नाव पडायचं.

"नाव काय घालू? सयाजीचं?" केरबानं छिन्नी उचलली.

"माझं घाला."

"अगं, नवऱ्याचं घालत्यात."

"त्यास्नी काय रांधायचंय व्हय?"

केरबानं भांड्याभांड्यावर 'सौ. राही' असं ठोकलं. राहीला अक्षर येत नव्हतं, पण टिंबांवरनं बोट फिरवून फिरवून तिला आपलं नाव पाठ झालं.

दिवाळीला सयाजी आला. तिसऱ्या दिवशी राहीनं आणि तानुबाईनं माळ्यावरचं पोतं अंगणात आणून सोडलं, आणि अंजना आनंदानं ओरडली, "वैनी, समद्यांवर तुझं नाव की!"

हरणाबाई उठून आली. एकेक भांडं हातात घेऊन तिनं पाहिलं. "क्वार्टर आत्ता मिळालं. मग ही भांडी कवाची?"

राही पोत्याचं तोंड आवळू लागली.

"माझ्या घरात बसून येगळी चूल मांडत हुतीस व्हय गं? आन् पैसं कुटलं? भाजीचं?"

"आवं, मोडीतली तर हायती," तानुबाई मध्ये पडली.

"तू गप. तुझ्याच माळ्यावर पिकली ही भाजी."

"आई, नेऊ दे की मला तिला," सयाजी हळूच म्हणाला.

हरणाबाईनं पदर डोळ्याला लावला. "ने बाबा. मी मेल्यावर ने."

सयाजी खाली बसून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेलीच नव्हती. "फुडल्या साली बघू," तो नाडीकडेच बघत म्हणाला. राहीला संताप आला. सासूचा नाही, त्या नाडीचा. दोन दिवसांनी तो एकटाच गेला.

माघात अंजनाचं लग्न झालं. मुलगा साताऱ्यात कचेरीत कारकून होता, भाड्याच्या एका खोलीत राहायचा. रुखवतात भांडी मांडायची वेळ आली तशी हरणाबाई म्हणाली, "इकत कशाला आणायची? घरात पडलीत की." केरबानं राहीच्या नावावर आडव्या रेघा मारल्या आणि खाली 'सौ. अंजना' घातलं. मजुरी मात्र त्यानं घेतली नाही.

फाल्गुनात सासूनंच राहीला साताऱ्याला धाडलं. पिशवीत पावट्याच्या शेवटच्या शेंगा होत्या. "तिला आमटी जमत न्हाई म्हनं. शिकीव आन् सांजच्या यष्टीनं माघारी ये."

खोली लहानशीच होती. फळीवर राहीची सगळी भांडी चकचकीत घासून लावलेली. राहीनं सुलाबाईचं पातेलं स्टोव्हवर चढवलं, फोडणी दिली, सोललेले पावटे टाकले. आमटीला उकळी आली तसा तिनं सवयीनं वाटी उचलून मागं हात केला.

"काय गं वैनी?" अंजनानं विचारलं.

"मीठ."

"डबा तुझ्या म्होरंच हाय की. घाल तुला लागंल तेवढं."

राहीनं डब्यात हात घातला. चिमटीतलं मीठ बराच वेळ चिमटीतच राहिलं.

अंजनानं तिला आधी वाढलं, गरम गरम. ती सावकाश जेवली. निघताना अंजनानं ते पातेलं घासून-पुसून तिच्या पुढं धरलं. "घेऊन जा वैनी. तुझं हाय हे. मला लय लागलंय मनाला."

राहीनं रेघांवरनं बोट फिरवलं. रेघांखाली तिच्या नावाची टिंबं अजून बोटाला लागत होती.

"कुटं ठेवू?" ती म्हणाली, आणि पातेलं परत फळीवर ठेवलं.

दिवेलागणीला ती घरी पोचली. हरणाबाई खाटेवरच बसली होती. "जमली का तिला आमटी?"

"जमली."

"मीठ बराबर पडलंवतं?"

"तितं कुणी मोजलं न्हाई," राही म्हणाली. मग हातपाय धुऊन तिनं चूल पेटवली, पंधरा माणसांचं पातेलं चढवलं आणि वाटी घेऊन खाटेपाशी जाऊन उभी राहिली.