पुलाच्या चढावर मी ओरडलो

मी इंजिन बोलतोय, डिलाईल रोडच्या एका जुन्या फियाटचं. पन्नाशी ओलांडली आहे माझी. पण गेल्या मे महिन्यात जे घडलं, तसा धक्का आयुष्यात कधी बसला नव्हता.

दौलत राणे यांनी मला तीस वर्षं चालवलं. लग्नाची वऱ्हाडं नेली, कोकणातून आंब्याच्या पेट्या आणल्या, एकदा अडलेली बाळंतीण वेळेत पोचवली. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी चाळीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिलो. बॉनेटखाली मांजर दोनदा व्याली.

त्यांची मुलगी अपेक्षा एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिने मनावर घेतलं. जुन्या गाड्यांची घाट चढायची शर्यत असते, तिच्यात मला उतरवायचं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो बसव, असं जो तो सांगत होता. ती मात्र मला घेऊन रे रोडला स्टॅनली मिस्किटांच्या गॅरेजात आली. सत्तरीचा माणूस, इंजिनात हात घालून आयुष्य काढलेला. ते म्हणाले, "वारा कोंबून कोण पण पळंल, बाय. ह्याला आपण त्याच्याच श्वासावर पळवू."

सात महिने त्यांनी मला घडवलं. सिलिंडर मोठे केले. चारही पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाचे केले. हवा आत यायच्या वाटा बोटाने चाचपत गुळगुळीत केल्या. वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून आतला दाब वाढवला, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर लावले. हळदीला बसलेल्या नवऱ्यासारखा मी फुलून गेलो होतो. सुरू झालो तेव्हा स्टॅनलींनी माझ्यावर तळहात टेकला आणि नुसती मान हलवली. मला वाटलं, कसबी माणसाची सवय असेल.

शर्यतीला आठ दिवस होते, तेव्हा मला चाचणीसाठी रस्त्यावर काढलं. स्टॅनली स्टिअरिंगवर, अपेक्षा शेजारी. पुलाच्या चढावर त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि माझ्या आत घण पडायला लागले.

ह्याला नॉकिंग म्हणतात. दाब जास्त झाला की पेट्रोल नको त्या वेळी आपोआप भडकतं आणि पिस्टनला मार बसतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. कुठलाही मेकॅनिक तो ऐकला की पाय काढून घेतो. मी जीव तोडून ओरडत होतो, आणि स्टॅनलींच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्यांनी पाय आणखी दाबला.

अपेक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी वाजतंय का, असं हळूच विचारलं. स्टॅनलींची नजर रस्त्यावर होती. ते म्हणाले, "हां, चढ बरा घेतो." ती गप्प बसली.

चढ संपायच्या आत माझा तिसरा पिस्टन फुटला. मागे निळा धूर. ट्रकच्या मागे दोर बांधून मला गॅरेजात ओढत आणलं.

स्टॅनलींनी हेड उघडलं. पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. ते खाली बसले. कशाने झालं, हे त्यांना बघताक्षणी कळलं होतं.

अपेक्षा त्यांच्या समोर आली. "अंकल, तो आवाज तुम्हाला आला नाही?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "कुठला आवाज?"

मी हबकलो. ज्याने मला घडवलं, त्याला मी ऐकूच येत नव्हतो. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून कान गेले होते. बायको मॅग्डलीन सोडली तर कोणाला माहीत नव्हतं. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देईल, ह्या भीतीने ते इंजिन हाताने चाचपून आणि माणसांचे ओठ वाचून निभावत होते. दुसरीकडे ने ह्याला, असं म्हणून त्यांनी पाने पुसायला घेतले.

अपेक्षा भडकेल असं मला वाटलं. पण ती त्यांच्या समोर उकिडवी बसून, त्यांना वाचता येईल असं सावकाश बोलली. "मला आला होता आवाज. पहिल्यापासून. तुम्ही एवढे मोठे, मी काय सांगणार, म्हणून गप्प बसले."

हा दुसरा धक्का पहिल्याहून मोठा होता.

शर्यत हुकली. नवा पिस्टन आला, स्टॅनलींनी दाब थोडा उतरवला. पुन्हा तोच पूल, पण आता अपेक्षाचा हात त्यांच्या खांद्यावर. मी वाजलो की ती खांदा दाबायची, ते पाय काढायचे, उतरून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, केसभर मागे घ्यायचे. चौथ्या खेपेला पूल संपला तरी खांदा दाबला गेला नाही. स्टॅनलींनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

आता दर रविवारी मी धावतो. ठरवलं होतं तेवढी ताकद माझ्यात नाही, पण छाती भरून श्वास घेतो. माझं एवढंच मागणं आहे. काही वाजताना ऐकलंत तर बोला. समोरचा कितीही मोठा असो, त्याला ऐकू आलंच असेल असं धरून चालू नका.