गाळलेली भाकरी

"दुधात भाकरी कुस्करायची, रवी फिरवायची, मंग गाळून द्यायची," बेबाबाईनं डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि पिशवीतला डबाच काढून टेबलावर ठेवला. "कडक घास म्हणून मी यायले वरीसभर दिला नही. शिरा फुटतीन ना पुन्हा!"

गेल्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला, उखर्डूनानांना, रक्ताची उलटी झाली होती. दारूनं लिव्हर गेलेलं, त्यात अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या. याच डॉक्टरांनी दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी कड्या बांधल्या. तेव्हापासून दारू बंद, आणि नानांच्या ताटावर राज्य बेबाबाईचं. एवढं करूनही माणूस सुकतच चालला, म्हणून आज तिनं त्यांना ओढत जळगावला आणलं होतं.

"पण पातळच द्या, असं सांगितलं कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमीच ना! यायनं मले तसंच सांगतलं." तिनं नानांकडे बोट केलं.

"मी कड्या बांधल्यावर चार दिवस म्हणालो होतो, ताई. आणि पुन्हा तपासायला बोलावलं होतं. हे फिरकलेच नाहीत."

बेबाबाई नवऱ्याकडे वळली. नाना मांडीवरच्या टोपीची घडी सारखी करत बसले होते.

"नाना, घास अडकतो का? कधीपासून?"

"भरताच्या पार्टीपासून."

हिवाळ्यात मळ्यात वांगी भाजली होती; भरीत मऊ असतं म्हणून तिनं नानांनाही वाढलं होतं. पहिल्याच घासाला नाना उठून घरच्या केळीच्या बागेत गेले आणि डोळे पुसत परतले. धूर लागला, म्हणाले. सगळ्यांनी चेष्टा केली होती. तिनं तर सगळ्यांत जास्त.

"मले काहाले नही सांगतलं?"

"तू घाबरली असती."

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. "परवा दुर्बीण घालू. मला कॅन्सरची शंका येते. तुकडा काढून तपासावा लागेल, आणि शेजारीच त्या शिरा आहेत. रक्त सुटू शकतं. घरची माणसं सोबत आणा."

बसस्टँडवर, जन्मात कधी केळी विकत न घेतलेल्या बेबाबाईनं गाडीवरून एक केळं घेतलं. सोललं, नखाएवढा तुकडा मोडून नानांच्या हातावर ठेवला.

"गिळा. माह्यासमोर."

नानांनी तुकडा तोंडात टाकला. ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. त्यांची रावेरची गाडी लागली, लोक चढले, कंडक्टरनं घंटी दिली. नाना अजून चावतच होते.