पाय आखूड, कौल उजवा

मी कपाट बोलतोय. लोखंडी, दोन दारांचं, हिरवट रंगाचं. विक्रोळीत राहतो, पण इथल्या त्या कपाटांच्या मोठ्या कंपनीत जन्मलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. येणारा जाणारा पहिल्यांदा तेच विचारतो आणि माझं डोकं फिरतं.

माझा जन्म घाटकोपरचा, असल्फ्याच्या एका पत्र्याच्या शेडमधला. वेल्डिंग करणाऱ्याचा एक डोळा माझ्यावर आणि दुसरा क्रिकेटच्या मॅचवर होता. त्यामुळे पुढचा उजवा पाय अर्धा इंच आखूड राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मला विचारतो कोण?

पहिला मालक नाटकाचे कपडे भाड्याने द्यायचा. सहा वर्षं माझ्या पोटात मुकुट, गदा आणि शंभरएक दाढ्या होत्या. धंदा बसला तेव्हा त्याने मला विक्रोळीतल्या एका वसाहतीच्या मंडळाला देऊन टाकलं. मंडळाने मला सोसायटीने दिलेल्या वाचनालयाच्या खोलीत उभं केलं आणि दाढ्यांच्या जागी पुस्तकं आली.

ती खोली सांभाळायचे लवूतात्या. मूळचे मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते. घर एका खोलीचं, त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं आणि टीव्ही. तात्यांना दिवसा बसायला जागा उरायची नाही, आणि बसलेच तर त्यांच्याशी बोलायला कुणाला वेळ नसायचा. म्हणून ते सकाळी नऊला माझ्याकडे यायचे, फडक्याने मला पुसायचे आणि काय वाचलं ते मलाच सांगायचे. जगात त्यांचं ऐकणारा मी एकटा. मला ते आवडायचं.

एके दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी हर्षद आले. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या पुढे त्याला काही दिसत नाही.

"तात्या, महिन्याला चार वाचक येतात. त्यातले दोन पंख्याखाली झोपायला. गणपतीपर्यंत पन्नास करून दाखवा, नाहीतर इथे जिम होणार."

हर्षद गेल्यावर तात्या माझ्या दाराला डोकं टेकून म्हणाले, "खोली गेली तर मी जाव खंय रे?" मला हात असते तर त्यांच्या पाठीवर ठेवले असते. मला नुसती हँडलं आहेत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जानकीकाकू आल्या, त्याही पंख्यासाठीच. नात दिशा पुण्याला होस्टेलवर राहून शिकायचं म्हणत होती, आणि पाठवावं की नाही या विचाराने काकूंची झोप उडाली होती. त्या तात्यांना सगळं सांगत होत्या आणि तात्या माझं दार उघडत होते. तेवढ्यात उजव्या बाजूचं एक पुस्तक घसरलं आणि काकूंच्या पायाशी धपकन पडलं.

आता तुम्ही आम्ही म्हणू, पाय आखूड. पण काकू पडल्या तात्यांच्याच मुलखातल्या. तिकडे कौल मागताना देवाला फुलांचे कळे चिकटवतात, उजवीकडचा पडला की देवाचा होकार. काकूंनी दोन्ही हात जोडले.

"उजवो कौल दिल्यान!"

"अगो, कपाट ता," तात्या म्हणाले.

"देव खंय बसात ता सांगाक येता?" काकूंनी पुस्तक उचललं. "ह्येच्यात काय लिवलाहा ता वाचून दाखव."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. नाटकवाल्याकडे खोटी दाढी लावताना नटांच्या डोळ्यांत यायचं तेच.

"कौल तुका दिल्यान. मी कशाक वाचू? तूच वाचूक व्हया. पुरा. मधेच सोडलंस तर कौल लागणा नाय."

ते होतं एक विनोदी नाटक. काकूंनी चार दिवस एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचलं. दुसऱ्या अंकात एक मुलगी बॅग घेऊन घराबाहेर पडते आणि तिसऱ्या अंकात सगळ्या घराला सांभाळते. दिशा पुण्याला गेली.

झालं! रविवारी खोलीबाहेर रांग लागली. तात्या गाऱ्हाणं घालायचे, "बा कपाटा म्हाराजा, ह्या लेकरान काय इचारल्यान ता ऐक," आणि मागून वीस जण म्हणायचे, "व्हय म्हाराजा." मग दार उघडायचं आणि मी पुस्तक टाकायचो. नेहमी उजवीकडचं. माझ्याकडे नकार नव्हताच.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात हवा गेली. मी स्वतःला देव समजायला लागलो.

सहदेवची चप्पल रोज दारातून गायब व्हायची. त्याने चोर कोण विचारलं, त्याला रहस्यकादंबरी मिळाली, आणि नेमकी शेवटची आठ पानं फाटलेली. तेव्हापासून तो सगळ्या बिल्डिंगकडे संशयाने पाहतो. मासळी विकणाऱ्या मथुराला पाटी सोडून गाळा घ्यायचा होता. तिला कवितासंग्रह पडला.

"अर्धीच ओळ लिवलीय, बाकी कागद कोरा," ती म्हणाली. "कंजूस हाय का तुमचा कपाट?" पण दुसऱ्या आठवड्यात ती पापलेट कापता कापता कविता म्हणू लागली आणि गिऱ्हाईक भाव करायचं विसरू लागलं.

हर्षदही आले, लाजत लाजत. लिफ्टचं काम कुणाला द्यावं, असा प्रश्न. मी त्यांना वैराग्यावरचा जाडा ग्रंथ दिला. तीन आठवडे त्यांनी तो वाचला आणि लिफ्ट हा मोह आहे असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. चौथ्या मजल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

वाचक झाले एकशे चार. तात्या चालताना गुणगुणू लागले.

आणि वाट लागली ती कौतुकाने. कमिटीने ठरवलं, कपाटाची काहीतरी सेवा करू. तात्या डोळे तपासायला गेले असताना वेल्डर नितेश आला. त्याने मला उचललं, पायाला लोखंडाचा तुकडा जोडला, लेव्हल लावून पाहिली. "झकास," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा मी सरळ उभा होतो.

रविवार आला. पहिल्या जानकीकाकू. दिशा फोनवर रडत होती, घरी यायचं म्हणत होती. गाऱ्हाणं झालं. दार उघडलं.

काही पडलं नाही.

तात्यांनी दार लावून पुन्हा उघडलं. मी जीव तोडून थरथरलो, पण लोखंडाला किती थरथरता येतं? तात्या खाली वाकले आणि त्यांना नवा तुकडा दिसला. त्यांनी तो बोटांनी चाचपून पाहिला.

"जानकी," ते उठून म्हणाले, "पाय आखूड होतो. देव नाय होतो. माका खोली व्हयी होती म्हणान मी गप्प रवलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मगे दिशाक कोणी धाडल्यान?" काकूंनी विचारलं.

"तू. तू वाचलंस, तू धाडलंस."

काकू स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "बरा केलंय मी. रडांदे दोन दिस. मी जाऊन येतंय तिच्याकडे." मग उठून त्यांनी माझ्या पोटात हात घातला, दोन पुस्तकं चाळून परत ठेवली आणि तिसरं घेतलं.

हर्षदनी हात वर केला. "हे वाचक फसवून आणलेले. मोजता येणार नाहीत. खोली रिकामी करावी लागेल. नियमाप्रमाणे मंडळाची सगळी पुस्तकं आधी जमा व्हायला हवीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणून द्या."

"माजा अजून वाचून जावक नाय," काकू म्हणाल्या आणि पुस्तक पदराखाली गेलं.

"मना चार कविता पाठ करायच्यात," मथुरा म्हणाली.

सहदेव पुढे आला. "शेवटची आठ पानं मिळाल्याशिवाय मी पुस्तक सोडणार नाही. आणि सेक्रेटरी, तुमचा ग्रंथ कुठाय?"

हर्षद चष्मा पुसत राहिले. "माझा... शेवटचा अध्याय राहिलाय," ते म्हणाले.

मग रांग माझ्यावर तुटून पडली. संध्याकाळपर्यंत माझे सगळे कप्पे रिकामे झाले. आज हर्षदनी मागवलेली जिमची यंत्रं जिन्याखाली गुंडाळून पडलीत. लोक आपापसात पुस्तकं बदलतात, खोलीत येऊन तात्यांशी त्यावर तावातावाने भांडतात, पण जमा कुणी करत नाही, म्हणून नियमाप्रमाणे खोलीही रिकामी होत नाही. मला आता कुणी म्हाराजा म्हणत नाही. तात्या मला अजून पुसतात, पण माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नसतो.

राग येतो कधी कधी, खोटं कशाला बोलू? तरी एक विनंती आहे. या वसाहतीतलं एखादं पुस्तक फिरत फिरत तुमच्या हाती आलं तर वाचा, दुसऱ्याला द्या, हरवलं म्हणून सांगा. पण पाया पडतो, परत आणू नका.