ज्या दिवशी म्हैस घरात बांधली

मोजणीवाले येणार असले की आमचं गाव एका सकाळीत गरीब होतं. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला आमचं गाव. दर चार वर्षांनी पंचायतीची घरपट्टीची आकारणी होते. कुणाचं घर दगडमातीचं, कुणाचं विटा-सिमेंटचं, कुणाचं स्लॅबचं, कुठं माणसं राहतात, कुठं धंदा चालतो, कुठं जनावरं बांधतात, हे सगळं टेप लावून बघतात आणि त्यावरून पट्टी ठरवतात. गोठ्याला पट्टी नावापुरती, स्लॅबला सणसणीत. मग काय, आदल्या दिवशीच सारं गाव कामाला लागतं. रंगवलेल्या भिंतीला शेणकाला फासतात. फरशीवर कडबा पसरतात. किराणा दुकानाचं शटर खाली येतं आणि त्याच्यापुढं बाजेवर एक म्हातारी आणून झोपवतात, म्हणजे ते राहतं घर झालं. मी रेवणसिद्ध गिरणीवाला. माझ्या पिठाच्या गिरणीवर गोधडी टाकून मी 'आजाऱ्याची खोली आहे' म्हणून सांगत आलो. ग्रामसेवकाच्या चष्म्यावर पिठाचा थर बसायचा, तरी तो गंभीरपणे मान हलवायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक. कुणी कुणाला उघडं पाडायचं नाही, एवढ्या एकाच बाबतीत आमच्या गावात एकी आहे.

त्याच एकीनं गुरम्माचा गळा कापला.

गुरम्मा माझ्या गिरणीसमोर राहते. तिचा नवरा वीरभद्र आणि धाकटा दीर राजशेखर यांची वाटणी तोंडी झालेली. चौकातलं मोठं घर राजशेखरला, गल्लीतली मोकळी जागा वीरभद्रला. सख्ख्या भावांत कागद कशाला, असं त्यांची आई म्हणाली, आणि तिच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही. वीरभद्रनं त्या जागेवर स्वतः गारा कालवून दोन खोल्या उभ्या केल्या, वर पत्रे टाकले. दगड ओढ्यातून बैलगाडीनं आणले. गुरम्मानं डोक्यावर पाणी वाहिलं. त्या उन्हाळ्यात त्यांची धूळ माझ्या पिठात पडायची आणि मी रोज दारात उभा राहून भांडायचो.

पुढं वीरभद्र छातीच्या दुखण्यानं गेला. त्याचं वर्षही सरलं नव्हतं आणि मोजणी आली. राजशेखर तोवर पंचायतीचा मेंबर झालेला. आदल्या संध्याकाळी तो येऊन तिच्या उंबऱ्यावर बसला.

"वैनी, उद्या मोजनीवाले यायलेत. घर म्हून लावलं तर पट्टी झेपंल का तुमाला?"

"कशी झेपंल भावजी? एका म्हशीच्या दुधावर जगायले मी."

"मग तीच म्हैस आत बांधा. चूल परसात न्या. भांडीकुंडी आमच्या घरी नागम्माकडं ठिवा. मी गोठा म्हून लावून देतो."

"म्हैस घरात? देवापुढं?"

"एका दिसाचं तर हाय. समदं गाव करतंय की."

गुरम्मानं बसवेश्वरांची तसबीर पदरात गुंडाळून माझ्याकडं आणून दिली. "अण्णा, एक दिस सांबाळा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी जिथं ती भाकरी थापायची तिथं म्हैस रवंथ करत उभी राहिली. ग्रामसेवकानं दारातूनच डोकावलं. राजशेखरनं त्याच्या कानाशी लागून काय ते सांगितलं आणि मंडळी पुढं गेली.

गुरम्माला केवढा आनंद. दिरासाठी तिनं गव्हाची गोड हुग्गी रांधली, वर तुपाची धार सोडली आणि पातेलं घेऊन स्वतः त्याच्या घरी पोचती केली. "भावानं सांबाळावं तसं सांबाळलं मला," असं सगळ्या गल्लीला सांगत सुटली.

यंदा आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. मोटारसायकली वाढल्या, चहाची टपरी आली, मोबाइलचं दुकान आलं. जागेला भाव आला. एका सकाळी राजशेखर फक्कीचं घमेलं घेऊन आला आणि गुरम्माच्या दारापुढं पांढऱ्या रेघा ओढायला लागला. ती चुलीपाशी होती, पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"काय करायलाव भावजी?"

"आमच्या पोरासाठी, वीरेशसाठी गाळे काढायलो. दोन दुकानं निघतेत हितं. पाडव्यापतुर गोठा रिकामा करा."

"कोन्ता गोठा?"

"ह्योच की."

गुरम्मा हसली. दीर-भावजयीची थट्टा म्हणूनच तिनं घेतलं. "आन मी कुठं जाऊ? म्हशीच्या पाठीवर बसून?"

"आमच्याकडं या. मागं खोली हाय. नागम्माला हाताखाली कुनीतरी लागतंच."

तो हे इतक्या सरळ सुरात बोलला की तिचं हसू जागीच गेलं. त्याच पावली ती पंचायतीत गेली, मला सोबत घेऊन. ग्रामसेवकानं बघून सांगितलं की त्या जागेवर घर नाहीच. गोठा आहे, आणि तो राजशेखरच्या घराचा गोठा म्हणून त्याच्याच नावावर लागलेला आहे.

"पर मी ऱ्हाते की तितं साहेब! चूल हाय माझी तितं!"

"असेल बाई. पण आमच्या लेखी तिथं जनावर राहतं. ग्रामसभेत दोघं-चौघं उभे करा, राहतं घर आहे म्हणून सांगू द्या. मग बघू."

गुरम्मा घरोघर फिरली. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "येतो की. तू काळजी करू नको." आले पण. शाळेच्या व्हरांड्यात सारी गल्ली जमली. गुरम्मा मध्ये उभी राहिली, पदर खोचला.

"सांगा बाबानो, मी कुठं ऱ्हाते?"

कुणी तोंड उघडायच्या आत राजशेखर उठला. आवाज चढवला नाही त्यानं. "सांगा की. खुशाल सांगा. पर मोजनीच्या दिशी तितं म्हैस कामून व्हती, ते बी सांगावं लागंल. मग समद्या गावचीच मोजनी पुन्यांदा करून घिऊ. कुनाच्या शटरपुढं म्हातारी झोपली व्हती, कुनाच्या फरशीवर कडबा व्हता, समदंच निघंल."

झालं. ज्यांनी छातीवर हात ठेवले होते ते आता पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले. माझं डोकं फिरलं. मी उठलो.

"मी सांगतो. घर हाय त्ये. रोज समोर बसून बघतो मी."

"आन गिरनीवरची गोधडी, अण्णा?" राजशेखर म्हणाला. सगळे खो-खो हसले.

"काढली गोधडी! लिवा माजी गिरनी धंद्यात. पर हिचं घर लिवा."

ग्रामसेवकानं माझी गिरणी तिथल्या तिथं लिहून घेतली, तिथं त्याचा हात लगेच चालला. घरासाठी मात्र एक साक्ष पुरत नाही म्हणाला.

बायकांच्या घोळक्यात नागम्मा बसली होती, राजशेखरची बायको. गुरम्मा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"नागम्मा, तुला माय न्हवती. पैलं बाळतपन कुनी केलं तुझं? वीरेश कोन्त्या खोलीत जलमला? रोज शेक कुनी दिला, लेकराला न्हाऊ कुनी घातलं? ज्याच्यासाटी दुकानं बांधायलाव, तो गोठ्यात जलमला का गं? सांग बाई. एकदा सांग."

नागम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. राजशेखर तिच्याकडं बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो.

"मला न्हाई आठवत, अक्का," ती म्हणाली.

एवढा वेळ ताठ उभी असलेली गुरम्मा त्या एका वाक्यासरशी खाली बसली. दिरानं जे केलं ते केलं, पण हे तिला लागलं. लोक म्हणतात, नागम्मा नवऱ्याला भिऊन असते. असेल. मी त्या बाईला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

ग्रामसेवकानं हात झटकले. पुढच्या महिन्यात नवी आकारणी आहे, तालुक्याहून साहेब येणार आहेत, त्या दिवशी घर दिसलं तर घर लिहू, म्हणाला.

मोजणीचा दिवस आला. गाव नेहमीसारखं गरीब झालं. शेणकाला लागला, कडबा पसरला, म्हातारी बाजेवर आली. एकट्या गुरम्माचं घर मात्र त्या दिवशी नटलं. भिंतींना चुना, उंबऱ्याला हळदकुंकू, फळीवर घासलेली पितळी भांडी, मधोमध बसवेश्वर. म्हैस लांब बाहेर लिंबाखाली. आपली घरपट्टी लागावी म्हणून देवाला हात जोडणारी बाई आमच्या गावानं त्याआधी पाहिली नव्हती. तिनं मुद्दाम तव्यावर भाकरी टाकली, साहेबांना चूल पेटलेली दिसावी म्हणून.

तेवढ्यात नागम्मा आली. डोळे सुजलेले. "अक्का, तुमाला आन अण्णाला साहेबांनी पंचायतीत बोलीवलंय. साक्षीच्या सह्या पायजेत. मी बसते हितं, भाकरी बगते."

नागम्मा आली यातच गुरम्माला सगळं मिळालं. तिच्या पाठीवरून हात फिरवून ती निघाली. मीही गिरणी बंद करून निघालो. पंचायतीला कुलूप होतं.

आम्ही पळतच परत आलो. घरात राजशेखरचे दोन बैल उभे होते, गुडघाभर कडबा पसरलेला, चुन्याच्या भिंतीवर शेणाचे हात. नागम्मा नव्हती. बसवेश्वरांची तसबीर तेवढी कुणीतरी पुसून बाहेर ओट्यावर उभी करून ठेवली होती. मोजणीवाले दारातून बघून पुढं गेलेले आणि राजशेखरच्या घरी चहाला बसलेले.

मला वाटलं ती आता छाती पिटेल. तिनं तसबीर उचलून माझ्या हातात दिली, एका बैलाचा कासरा सोडून हातात धरला आणि चालायला लागली. थेट चौकात, थेट राजशेखरच्या नव्या बैठकीत. सोफ्यावरचे साहेब कपबशी घेऊन उठले. बैल गुळगुळीत फरशीवर घसरत घसरत मधोमध जाऊन उभा राहिला.

"लिवा साहेब," गुरम्मा म्हणाली. "गोठा."

"बाई, हे काय चाललंय?"

"आमच्या गावची रीत हाय. जनावर बांधलं की गोठा व्हतो. मानूस कुठं निजतंय ते कुनी इचारत न्हाई. आता ह्यो बी गोठा झाला, वरल्या मजल्यासकट. लिवा."

बैलानं तेवढ्यात शेण टाकलं. राजशेखर कासऱ्याला झोंबला. "येडी झालीय साहेब ती, भाऊ गेल्यापासून..."

साहेब नवे होते, आमच्या गावच्या एकीत अजून बसले नव्हते. ते म्हणाले, "बाई, तुमचा गोठा दाखवा मला." गुरम्माच्या खोलीत त्यांनी पायानं कडबा बाजूला केला. खाली चूल होती. पाणी ओतून विझवलेली, पण अजून वाफाळत होती. परसात तवा फेकलेला, त्यावरची भाकरी एका अंगानं कच्ची. साहेबांनी ती भाकरी उचलून पाहिली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "राहतं घर. दगडमातीचं, पत्र्याचं. राहणार गुरम्मा वीरभद्र."

"आन मालक?" मी विचारलं.

"मालक राजशेखरच राहतील. वाटणीचा कागद आणा, मग बदलता येईल."

सख्ख्या भावांत कागद कशाला म्हणणारी माउली कधीच जमिनीत गेली होती.

म्हणजे जिंकलं कोण, हे मला अजून कळलेलं नाही. पाडवा होऊन गेला, गाळे झाले नाहीत. गुरम्मा दुसऱ्याच्या नावच्या घराची पट्टी भरते, सगळ्यांच्या आधी जाऊन भरते. राजशेखर उदगीरला वकिलाकडं फेऱ्या मारतो. नागम्मा दळण आणते तेव्हा मी तिच्याशी बोलत नाही. ती समोरच्या दाराकडं बघते, तिथून कुणी बघत नाही.

परवा दुपारी एकदम आभाळ भरून आलं आणि गारा पडायला लागल्या, बोराएवढाल्या. पत्रे तडातड वाजायला लागले. बघतो तर गुरम्माची म्हैस लिंबाखालीच बांधलेली, आणि गुरम्मा तिच्या डोक्यावर पोत्याची खोळ धरून शेजारी उभी. नखशिखांत भिजलेली.

मी दारातून ओरडलो, "अगं, म्हैस आत घे! गाभन हाय ती!"

"न्हाई अण्णा."

"येडी का काय! कोन बघायलंय आता? घटकाभर बांध, मग काढ!"

"मागं बी घटकाभरच बांधली हुती," ती म्हणाली. "आता न्हाई. घर हाय त्ये."

तिच्यामागं दार सताड उघडं होतं. आत चूल पेटलेली होती, जमीन कोरडी होती, आणि त्या दोघी बाहेर गारा खात उभ्या होत्या.