त्रेचाळीस अंशांचं पाणी

थर्मासकाकूंनी ट्रेमधलं सदतिसावं रोप दोन बोटांनी हलकेच वाकवलं आणि मातीलगतचा बुंधा पाहिला. हिरवा. त्यांनी रोप सोडलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि अडतिसावं वाकवलं. तेही हिरवंगार. ट्रेमध्ये रोपं अडतीसच होती.

“एकही जांभळं नाही,” शेजारी उभ्या असलेल्या, भातावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

“दिसतंय मला,” काकू म्हणाल्या.

काकू भाताचे संकर करायच्या. संशोधन केंद्राच्या काचघरात अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. भाताच्या एकाच फुलात नर असतो आणि मादीही. त्यातला नर आधीच निकामी केला नाही, तर फूल आपलं आपण भागवून घेतं, बाहेरच्याला दारात उभं करत नाही. म्हणून सकाळी फुलं उमलायच्या आत अख्खी लोंबी गरम पाण्याच्या थर्मासात पाच मिनिटं बुडवायची. पाणी त्रेचाळीस अंश. कमी पडलं तर पराग जगतो, जास्त झालं तर मादीही भाजते. मग दहाच्या सुमारास दुसऱ्या झाडाचा पराग त्या फुलांवर झटकायचा. यंदाच्या नर झाडाचा बुंधा जांभळा होता, त्यामुळे त्याच्या प्रत्येक खऱ्या लेकराचा बुंधा जांभळा निघायला हवा. ट्रेमधली अडतीसच्या अडतीस रोपं आईवर गेली होती. बापाचा पराग फुकट गेला होता, आणि काकूंची मेहनतही.

काकूंच्या हातचा क्रॉस वाया जात नाही, असं केंद्रात नव्यानं आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. काखेत रुंद तोंडाचा थर्मास धरून त्या काचघरात शिरल्या की शिकाऊ पोरं वाट सोडायची. काकूंना याची घमेंड होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही.

मोठे साहेब आले, त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि मान हलवली.

“काकू, पाणी गार झालं असणार. वय झालं की होतं असं.”

“कुणाचं वय, साहेब? पाण्याचं की माझं?”

साहेब हसले, पण त्यांचं आधीच ठरलेलं होतं. “पुढच्या महिन्यापासून पाकिटांच्या खोलीत बसा. पंखा आहे, खुर्ची आहे. खूप केलंत.”

पाकिटांच्या खोलीत बी मोजून कागदी पाकिटांत भरायचं काम असे. गुडघे गेलेल्यांना आणि नजर गेलेल्यांना तिथे पाठवायचे, आणि तिथून परत कुणी आलेलं काकूंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. ट्रे उचलून मांडणीवर ठेवला आणि नळाखाली हात धुतले, नेहमीपेक्षा बराच वेळ.

दुपारी डॉक्टरबाई काचघरात जवळजवळ धावतच आल्या. हातात काकूंची नोंदवही होती.

“काकू, पाणी गार असतं तर सगळेच क्रॉस फसायला हवे होते ना? बाकी सतरा जातींचे लागलेत. फसलीय ती फक्त या ट्रेमधली चोवीस नंबर. चार वेगवेगळ्या दिवशी बुडवलेली, चारही वेळा.”

“मग?”

“मग तुमचं पाणी बरोबर होतं. हिचा परागच मेला नाही!” बाईंनी चोवीस नंबरच्या कुंडीवर हात ठेवला. साधंच झाड ते, उंचीनं बेताचं, पानं जराशी अरुंद. “फुलोऱ्यात ऊन पस्तीस-छत्तीसच्या वर गेलं की भाताचा पराग मरतो. लोंबी दिसायला झोकदार आणि आत सगळं पोकळ. उन्हाळा दरसाल पुढे सरकतोय, आणि मी सहा वर्षं एकच शोधतेय, उन्हात न मरणारा पराग. तो तुमच्या थर्मासातून निघाला. उद्या अकराच्या बैठकीत बाहेरची माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर मी तुमची वही वाचणार. बघा, रोज त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस.”

बाई वही छातीशी धरून निघून गेल्या. काकूंना खरं तर आभाळ ठेंगणं व्हायला हवं होतं. पण त्या कुंडीशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि थर्मासाचं झाकण नुसतं लावत-काढत राहिल्या.

संध्याकाळी नातीला अंघोळ घालताना त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

“आजी, भाजतंय!” नात किंचाळली.

“काही भाजत नाही. नाटकं नुसती.”

सुनेनं येऊन बादलीत दोन मग गार पाणी ओतलं. हे रोजचंच होतं.

नात झोपल्यावर काकूंनी नवऱ्याला सांगितलं. तो टेबलावर जुनं घड्याळ उघडून बसला होता.

“अहो, थर्मामीटर फुटला होता.”

“कुठला?”

“पाण्याचा. चार महिने झाले. नवा मागितला, चिठ्ठी तशीच पडून राहिली. मी म्हटलं, कशाला हवाय? अठ्ठावीस वर्षं त्याच पाण्यात हात घालतेय. बोट घालायचे आणि वहीत त्रेचाळीस लिहायचे.”

नवऱ्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. “कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची. अगं, उद्या कौतुक होणार आहे तुझं. पाकिटांची खोलीही टळेल. गप्प बस आणि मिरव.”

“माझ्या बोटाचं कौतुक असेल तर मिरवीन. खोट्या आकड्याचं नको.”

“बोटावर विश्वास आहे ना तुझा?”

“माझा आहे. पण जगानं का ठेवावा?”

सकाळी साडेसातला त्या डॉक्टरबाईंच्या खोलीत उभ्या होत्या. बाई बैठकीचे कागद लावत होत्या.

“बाई, थर्मामीटर फुटलाय.”

“आज?”

“चार महिने झाले.”

बाईंचा हात थांबला. “मग वहीतले आकडे कुठून आले?”

काकूंनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. शाळेत पोर लागलेलं बोट दाखवतं, तसं.

“काकू!” बाई उठून उभ्या राहिल्या. “साडेतीन तासांत मी हे सगळ्यांसमोर वाचणार होते! कुणी विचारलं असतं तर? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“म्हणून तर आले. साहेबांना सांगा. खुशाल पाकिटं भरीन.”

बाई तडक भांडारात गेल्या आणि जी वस्तू चार महिने मिळत नव्हती ती दहा मिनिटांत घेऊन आल्या.

“चला. पाणी करा. नेहमी करता तसंच.”

काचघरात काकूंनी किटलीतलं गरम पाणी थर्मासात ओतलं, वर गार ओतलं, बोट घातलं. आणखी थोडं गरम. परत बोट. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एरवी त्या असं करत नसत, पण आज अठ्ठावीस वर्षं पणाला लागली होती.

“बस. हे त्रेचाळीस.”

बाईंनी थर्मामीटर बुडवला. पारा चाळीसला आला, बेचाळीसला आला, त्रेचाळीसला पोचला. काकूंनी श्वास सोडला. पारा मात्र थांबला नाही. तो पंचेचाळीसवर जाऊन उभा राहिला.

“परत करा,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी साडेपंचेचाळीस. तिसऱ्या वेळी पंचेचाळीस.

काकूंनी पदराला बोट पुसलं. त्यांना कुणाकडे बघवेना. चूक होते माणसाची, पण ही ज्या बोटावर त्यांचा सगळा तोरा उभा होता त्या बोटाचीच होती. साहेब म्हणाले ते खरंच होतं तर. वय झालं होतं.

“तरीच यंदा बाकीच्या क्रॉसना दाणे कमी धरले,” त्या पुटपुटल्या. “मी उन्हाला बोल लावत बसले.”

बाईंनी तेच पाणी उचललं, चोवीस नंबरची एक लोंबी वाकवून आत बुडवली, शेजारच्या जातीची एक बुडवली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी दोन्ही बाहेर काढल्या. मग दोघी फुलं उमलायची वाट पाहत बसल्या. पावणेदहाला दोन्हींचा पराग वेगवेगळ्या काचांवर साखरपाण्याच्या थेंबात पडला, आणि अर्ध्या तासानं बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून काकूंना जागा दिली.

पहिल्या काचेवर गोल गोल कण नुसते पडून होते. दुसऱ्या काचेवर कणाकणाला बारीक कोंब फुटला होता. कुठे आखूड, कुठे चांगला लांबलचक, सगळे आपापल्या वाटेनं निघालेले.

“ही चोवीस?” काकूंनी विचारलं.

“चोवीस.”

काकू वाकलेल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो फुलांचा पराग मारला होता, आणि त्यातून वाचलेला पराग त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. “अगं बया, काय जिवट आहे ही!” त्या काचेलाच म्हणाल्या.

तेवढ्यात बैठकीला बोलवायला मोठे साहेब आले. बाईंनी त्यांना सारं सांगितलं, फुटलेल्या थर्मामीटरसकट. पाणी त्रेचाळीस नव्हतंच, हे ऐकताच साहेबांनी हात झटकले.

“म्हटलं नव्हतं मी? पाण्यातच घोळ होता!”

“होता. पाणी पंचेचाळीस होतं, साहेब. आणि त्यातूनही ती जगलीय.”

साहेबांनी थर्मासाकडे पाहिलं. पटलं नसावं, कारण त्यांनी बाही सरकवून बोट आत घातलं आणि ‘स्स’ करून झटक्यात बाहेर काढलं.

“अहो, चटका बसतो हो!”

“बसतो?” काकूंनी विचारलं. त्यांनी आपलं बोट पाण्यात घातलं आणि तसंच ठेवलं. “मला तर बेताचंच वाटतं.”

साहेबांनी काकूंचा हात पाहिला, चोवीस नंबरची कुंडी पाहिली, मग परत हात पाहिला. पाकिटांच्या खोलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि नंतरही नाही.

बैठकीला निघताना बाईंनी वही काकूंच्या पुढ्यात ठेवली.

“यातले आकडे खोटे आहेत, काकू. चार महिन्यांतला एकेक आकडा एका रेघेनं खोडायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी लिहायचं, ‘बोटाने, अंदाजे पंचेचाळीस’. आणि प्रत्येकापुढे सही. नुसतं आद्याक्षर चालणार नाही, पूर्ण नाव. ही वही आता बाहेर जाणार, लोक विचारतील कुणी केलं म्हणून.”

“चूक कुणी केली म्हणून?”

“तेही विचारतील,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

खोडायच्या नोंदी एकशे चार निघाल्या. काकू चोवीस नंबरशेजारच्या स्टुलावर बसल्या, वही मांडीवर घेतली आणि पहिला आकडा खोडला. पूर्ण नाव लिहायची त्यांना सवय नव्हती. केंद्रात ते फक्त पगारपत्रकावर असे. पहिल्या चार-पाच ओळींत अक्षर बिचकत आलं, नंतर सरळ झालं, आणि पुढे तर चांगलं टपोरं.

बैठक संपवून साहेब काचघरावरून चालले होते. त्यांनी दारातून डोकं आत घातलं.

“काकू, अजून झालं नाही? उरलेल्यांपुढे आद्याक्षर करा, कोण बघतंय.”

“छे, साहेब,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “पूर्णच लिहिते.”