वाकड्या नाकाची किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. शिंप्याच्या दुकानात, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

मला घडवणाऱ्या कारागिराचं लक्ष त्या दिवशी कुठे होतं कोण जाणे, त्याने माझं नाक वाकडं बसवलं. त्यामुळे चहा ओतून झाला तरी एक थेंब टोकाशी रेंगाळतो आणि मग भलतीकडेच पडतो. भांड्यांच्या दुकानात मला कोणी हात लावेना. शेवटी दोन भाऊ आले. थोरला म्हणाला, ही नको, कापडांवर डाग पाडेल. धाकट्याने मात्र माझ्यात पाणी भरलं, ओतलं आणि शेवटी मनगटाला हलकेच एक झोका दिला. थेंब निमूट आत गेला. तेव्हापासून मी त्यांची झाले.

थोरला कापड कापायचा, धाकटा शिवायचा. कोटाच्या उरलेल्या गरम कापडात कापूस भरून धाकट्याने मला एक आवरण शिवलं. सगळे त्याला किटलीचं झबलं म्हणत. या वयात झबलं घालायचं म्हणजे आधी मला लाजच वाटली, पण ऊब कोणाला नको असते?

दुपारच्या चहाची त्यांची एक रीत होती. कात्री मिटायची, मशीन थांबवायचं, मेजावरची कापडं उचलायची आणि समोरासमोर बसायचं. आपला कप आपण भरायचा नाही. धाकटा थोरल्याचा भरणार, थोरला धाकट्याचा. पहिले काही घोट बोलायचंही नाही. थोरला फुंकर घाली, धाकटा आधी डोळे मिटून वास घेई. सकाळपासून कामात मान वर न केलेले भाऊ तेवढा वेळ एकमेकांकडे नीट पाहत. कोणाचं काय बिनसलंय हे त्यांना न विचारता कळे. थोरल्याच्या हातून माझा थेंब कधीमधी सांडे आणि धाकटा हसून फडकं पुढे करी.

एके दिवशी थोरल्याने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड उलटवायचं राहून गेलं. धाकट्याने गंमत म्हणून त्या दोन्ही कच्च्या टाक्याने कोटाला जोडल्या, कोट अंगात घातला आणि गिऱ्हाइकासमोरच दुकानभर मिरवला. गिऱ्हाईक पोट धरून हसलं. थोरल्याच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

चहाची वेळ झाली. धाकट्याने नेहमीसारखा दादाचा कप भरला. दादाने तो उभ्याउभ्या घशाखाली ओतला आणि मला हातही न लावता पाठ फिरवली. धाकटा रिकाम्या कपासमोर थोडा वेळ बसून राहिला. मग त्याने मला झबलं नीट घातलं आणि तो घरी गेला. त्याच्या वाटणीचा चहा माझ्या पोटात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. धाकटा झोपेतच गेला होता.

पुढचे दिवस आठवले की आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो. थोरला एकटा दुकानात येई. कापड कापून ठेवी, पण शिवणार कोण? कापलेल्या तुकड्यांचा ढीग वाढत गेला, गिऱ्हाइकं कमी होत गेली. खुंटीवर तो कोट तसाच लटकत होता. पंखा लागला की त्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला वळत, जणू कोणी कप पुढे करतंय. दुपार झाली की थोरला धाकट्याचा कप काठोकाठ भरी. मग आपला कप पुढे सरकवून वाट पाही. तो कोण भरणार? माझ्या मुठीला धाकट्याचा अंगठा लागल्यासारखा वाटे, मी सावध होई, पण माझं झबलंही हलत नसे. चहा निवे. थोरला तो ओतून टाकी आणि कोरडाच उठे.

त्याने तोंडात चहा घेणंच सोडलं. बोलणंही सोडलं. अखेर दुकान बंद करायचं ठरवून त्याने धाकट्याच्या बायकोला निरोप पाठवला, मशीन घेऊन जा.

ती आली ती रागावूनच. दीर एकदाही घरी फिरकले नाहीत, हे तिला लागलं होतं. पण दारातून तिला मेजावरचा वाफाळता कप दिसला आणि त्याच्यासमोर रिकामा कप घेऊन बसलेला थोरला दिसला. ती तिथेच थांबली.

"त्या दिवशी त्याचा कप मी भरला नाही," थोरला म्हणाला. "कोणत्या तोंडानं येऊ घरी?"

ती धाकट्याच्या स्टुलावर बसली. 

"त्या दिवशी घरी चहा दिला, तर घेतला नाही त्यांनी," ती म्हणाली. "हसत होते. म्हणाले, माझा कप दादाकडे राहिलाय, उद्या वसूल करीन."

तिने तो कप उचलला. आधी डोळे मिटून वास घेतला, मग सावकाश प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत कोणी बोललं नाही. मग तिने मला उचललं, थोरल्याचा कप भरला आणि शेवटी मनगटाला हलकेच एक झोका दिला. मित्रांनो, एक थेंबही सांडला नाही. हात तिचा होता, झोका त्याचा होता. थोरल्याने कप दोन्ही हातांत धरला आणि तो लहान मुलासारखा रडला. मग तो चहा प्यायला.

"यातली एक बाही नव्यानं कापा, दादा," खुंटीवरचा कोट काढत ती म्हणाली. "शिवते मी."

मशीन कुठेही गेलं नाही. उरलेल्या डाव्या बाहीचं तिने मला नवं झबलं शिवलं, जुनं विरलं होतं. आता ती बाही माझ्या अंगावर असते. दुपारी दोघं समोरासमोर बसतात, आधी गप्प, मग गप्पा. कधी कधी त्यांच्या गप्प असण्यात मला तिसऱ्या कोणाचा तरी वास घेतानाचा श्वास ऐकू येतो. मी कोणाला सांगत नाही.

मला चकाकी नको, शोकेसमधली जागाही नको. तुम्ही एकमेकांवर रागवा, भांडा, पण समोरच्याचा कप आधी भरा आणि त्याच्याकडे बघत प्या. त्या दिवशी धाकट्याच्या वाटणीचा चहा माझ्या पोटात गरम होता, कप माझ्या नाकासमोर होता, आणि मला वाकता आलं नाही. तुम्हाला येतं.