तोशीकोशीच्या शेवया

उल्हास, माझा नवरा, ऑक्टोबरात गेला. पण संध्याकाळची बस खाली थांबली की अजून घरी यायचा. आधी जिन्यावर बर्फात घालायचे बूट आपटायचा, मग कुलपाशी किल्ल्या वाजायच्या. दार उघडावं तर कोणी नाही. पुण्याला दिरांनी दहावा केला तेव्हा पिंडाला कावळा शिवेना, शेवटी दर्भाचा लावला, असं सासूबाई फोनवर रडत म्हणाल्या. मी रडले नाही. ज्याने थीसिस कधी वेळेवर दिला नाही, तो जायची तरी घाई कशाला करील?

एकतीस डिसेंबरला दुपार कलताना खालच्या मजल्यावरच्या जपानी ओकाडाबाई दोन वाडगे घेऊन वर आल्या. स्टेट कॉलेज या आमच्या अमेरिकन विद्यापीठाच्या गावातली सगळी मुलं सुट्टीला पांगली होती, बिल्डिंगमध्ये आम्ही दोघीच. मी मासे खात नाही म्हणून त्यांनी रस्सा मशरूमचा केला होता. या तोशीकोशी सोबा, त्या म्हणाल्या. तोशीकोशी म्हणजे वर्ष ओलांडणं आणि सोबा म्हणजे कुट्टूच्या, आपल्या उपासाच्या पिठाच्या शेवया. त्या पटकन तुटतात, तसं सरत्या वर्षाचं दुःखही तुटावं म्हणून त्यांच्याकडे जुन्या काळापासून आजच्या दिवशी खातात. मात्र वर्ष बदलायच्या आत वाडगा रिकामा व्हायला हवा.

मी खायला लागले. शेवया खरंच दात लागताच तुटत होत्या. चव चांगली होती, त्याचाच मला राग आला. या वर्षात दुःख होतं, पण उल्हासही याच वर्षात होता. एक तोडून दुसरा कसा ठेवायचा?

तळाशी थोड्या शेवया उरल्या आणि खाली बस थांबली. जिन्यावर बूट वाजले. माझा हात थांबला. ओकाडाबाईंनीही दाराकडे पाहिलं.

"माझा मुलगाही गेल्यावर असाच यायचा," त्या हळूच म्हणाल्या. "एका वर्षी मी वाडगा रिकामा केला."

"मग?"

"घर शांत झालं." त्या स्वतःच्या वाडग्याला अजून शिवल्याही नव्हत्या. "तेव्हापासून दर वर्षी उरवते. पण तो येत नाही."

कुलपाशी किल्ल्या वाजल्या. मी उरलेल्या शेवयांवर ताटली झाकली, वाडगा उल्हासच्या खुर्चीसमोर सरकवला आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

"बूट बाहेरच काढ," मी म्हणाले आणि थंडी आत येत होती तरी दार उघडंच ठेवलं.